तोफखान्यातले खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड: युद्धातली वर्षे आणि मृत्यू (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कृष्णविवरांबद्दलच्या लोकप्रिय लिखाणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते: पहिल्या महायुद्धात एका मरणासन्न जर्मन सैनिकाने खंदकात बसून कृष्णविवर शोधून काढले. या एका वाक्यातल्या ‘मरणासन्न’, ‘खंदक’ आणि ‘शोधले’ या तिन्ही शब्दांना दुरुस्तीची गरज आहे. दुरुस्तीनंतर उरणारा माणूस, म्हणजे कार्ल श्वार्झशिल्ड, त्या गोष्टीतल्या माणसापेक्षा मोठा वाटतो. तोफेचा गोळा आणि बुध ग्रह या दोघांच्या वाटेकडे तो एकाच शिस्तीने पाहत होता. पुढची उत्तरे त्या दृष्टीने लिहिली आहेत.

युद्धाआधी ते कोण होते?

जन्म ९ ऑक्टोबर १८७३, फ्रँकफुर्ट, ज्यू कुटुंबात. जुळ्या ताऱ्यांच्या कक्षांवरचे पहिले लेखन छापून आले तेव्हा वय १६. म्युनिकमध्ये हुगो फॉन झेलिगर यांच्याकडे १८९६ साली डॉक्टरेट. त्यानंतर व्हिएन्नातल्या कुफनर वेधशाळेत त्यांनी ताऱ्यांची तेजस्विता फोटोच्या काचेवरून मोजण्याचे तंत्र बसवले. मंद प्रकाश दुप्पट वेळ पडू दिला तरी काच दुप्पट काळी होत नाही, हे त्यांनी तिथे मोजून दाखवले आणि त्यासाठी सूत्र दिले. १९०१ मध्ये, विशीतच, ते ग्योटिंगेन वेधशाळेचे प्रमुख झाले. तिथे सुमारे ३,५०० ताऱ्यांच्या तेजस्वितेची यादी तयार झाली. १९०९ पासून ते पॉट्सडॅमच्या खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक होते. जर्मनीत त्या विषयातली यापेक्षा वरची जागा नव्हती.

एक गोष्ट नंतर उपयोगी पडेल म्हणून इथेच सांगतो. १९०० साली, आइन्स्टाइनच्या पहिल्या सापेक्षता निबंधाच्या पाच वर्षे आधी, हायडेलबर्गच्या सभेत त्यांनी अवकाश वक्र असू शकेल का, हा प्रश्न ताऱ्यांच्या मोजमापांवरून तपासला होता. वक्रता असलीच तर तिची त्रिज्या निदान किती असावी, याचे आकडे त्यांनी दिले: एका प्रकारच्या वक्रतेसाठी ६४ प्रकाशवर्षे, दुसऱ्यासाठी १,६०० प्रकाशवर्षे. १९१५ साली, गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाशाची वक्रता असे मानणारी आइन्स्टाइनची समीकरणे समोर आली तेव्हा त्यांच्यासाठी हा विषय अनोळखी नव्हता.

चाळिशीतला वेधशाळा-संचालक लढायला गेलाच कसा?

स्वतःहून. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांनी चाळिशी पार केली होती, घरात तीन लहान मुले होती, धाकटा तर त्याच वर्षी जन्मला होता. त्यांच्यावर सक्ती नव्हती. युद्धोत्साहाच्या त्या लाटेत स्वेच्छेने नाव नोंदवणारे प्राध्यापक पुष्कळ होते. जर्मन सैन्यातून या युद्धात सुमारे एक लाख ज्यू लढले आणि त्यांतले सुमारे १२,००० मारले गेले. पुढच्या काळात जर्मनीने त्यांच्या घरादारांशी काय केले हे माहीत असताना हे आकडे वाचणे जड जाते.

आइन्स्टाइन नेमके दुसऱ्या टोकाला होते. ऑक्टोबर १९१४ मध्ये ९३ जर्मन विद्वानांनी युद्धाच्या समर्थनार्थ जाहीरनामा काढला, तेव्हा आइन्स्टाइन यांनी त्याविरुद्धच्या मोजक्या सह्यांच्या पत्रकावर सही केली. तरीही या दोघांचा पत्रव्यवहार वर्षभराने ज्या आपुलकीने झाला, त्यात या मतभेदाचा कडवटपणा दिसत नाही.

त्यांची नेमणूक कुठे कुठे झाली?

आधी बेल्जियममधल्या नामूर येथील हवामान केंद्रावर. मग फ्रान्समध्ये तोफखान्याच्या कर्मचारीवर्गात, गोळ्यांच्या मार्गाची गणिते करण्यासाठी. त्यानंतर रशियन आघाडीवर. हुद्दा लेफ्टनंटचा. म्हणजे त्यांचे काम तोफ ठासण्याचे नव्हते आणि संगीन घेऊन धावण्याचेही नव्हते. ते तोफखान्याच्या गणिती बाजूचे अधिकारी होते. खंदकातल्या चिखलाचे चित्र म्हणूनच चुकीचे ठरते. पण ते सुरक्षितही नव्हते. आइन्स्टाइनना लिहिलेल्या पत्रात त्यांनी जवळ चाललेल्या जोरदार तोफमाऱ्याचा उल्लेख केला आहे.

हवामान केंद्राचा तोफखान्याशी काय संबंध?

फार जवळचा. या युद्धात तोफा टेकडीआड किंवा झाडीआड लपवलेल्या असत. तोफचीला लक्ष्य दिसतच नसे. त्याला नकाशावरून दिशा आणि अंतर दिले जाई, आणि नळी किती अंश वर उचलायची ते पल्ल्याच्या तक्त्यातून काढले जाई. हा तक्ता ठरावीक परिस्थितीसाठी बनवलेला असतो: वारा नाही, हवेची घनता अमुक, तोफेत भरायच्या दारूचे तापमान तमुक, नळी नवी. प्रत्यक्षात यांतले एकही गृहीत त्या दिवशी खरे नसते.

यावर जुना उपाय म्हणजे चाचणीचे गोळे टाकायचे, निरीक्षकाने ते कुठे पडले ते कळवायचे, आणि मग सरकवत सरकवत नेम धरायचा. उपाय खात्रीचा, पण त्यात दोन तोटे. शत्रूला हल्ल्याची आगाऊ सूचना मिळते आणि तुमच्या तोफेची जागा उघड होते. पहिल्याच गोळ्यात नेम साधायचा असेल तर दुरुस्त्या आधीच गणिताने काढाव्या लागतात. १९१८ पर्यंत जर्मन तोफखान्यात कॅप्टन पुल्कोव्स्की यांच्या पद्धतीने असा चाचणीविना मारा प्रत्यक्ष वापरात आला. श्वार्झशिल्ड यांचे काम त्याआधीच्या टप्प्यातले आहे.

वाऱ्याची दुरुस्ती नेमकी कशी काढतात?

त्या काळची पद्धत थोडक्यात अशी.

हायड्रोजन भरलेला छोटा फुगा सोडायचा. त्यात वायू मोजून भरलेला असल्यामुळे वर चढण्याचा वेग माहीत असतो. दर मिनिटाला थिओडोलाइटमधून (कोन मोजण्याच्या दुर्बिणीतून) त्याची दिशा आणि क्षितिजापासूनचा कोन टिपायचा. समजा फुगा मिनिटाला १५० मीटर चढतो. चार मिनिटांनी तो ६०० मीटरवर असणार. त्या क्षणी कोन ४५ अंश असेल तर तो जमिनीवरून ६०० मीटर दूर गेला आहे. म्हणजे २४० सेकंदांत ६०० मीटर, सरासरी वारा सेकंदाला अडीच मीटर. लागोपाठच्या दोन मिनिटांतल्या जागांचा फरक घेतला की त्या-त्या थरातला वारा वेगळा मिळतो.

इथवर सोपे आहे. पुढची पायरी चुकते. सगळ्या थरांची साधी सरासरी घेऊन चालत नाही, कारण गोळा सगळ्या थरांत सारखा वेळ घालवत नाही. हवेचा अडथळा नसता तर एकूण उड्डाणाचा बरोबर निम्मा वेळ गोळा आपल्या कमाल उंचीच्या वरच्या एक चतुर्थांश भागात काढतो, कारण शिखराजवळ त्याचा वर-खाली वेग अगदी कमी झालेला असतो. त्यामुळे वरच्या थरातल्या वाऱ्याला वजन जास्त द्यावे लागते. ४५ अंशांत ८ किलोमीटरवर मारा करणाऱ्या तोफेचा गोळा सुमारे २ किलोमीटर उंच जातो. तिथला वारा जमिनीवर उभ्या माणसाच्या गालाला कळत नाही, आणि कित्येकदा त्याची दिशाही वेगळी असते.

मग हा वजन दिलेला वारा दोन भागांत फोडायचा: माऱ्याच्या रेषेत किती आणि आडवा किती. रेषेतला भाग पल्ला वाढवतो किंवा घटवतो, आडवा भाग गोळा बाजूला नेतो.

आडव्या वाऱ्याने गोळा किती सरकतो? वाऱ्याचा वेग गुणिले उड्डाणाचा वेळ, एवढेच ना?

नाही, आणि ही चूक हमखास होते. गोळा जड असतो. वाऱ्याबरोबर तो लगेच वाहू लागत नाही. चांगले सूत्र असे: वाऱ्याचा वेग गुणिले ‘उशीर’. उशीर म्हणजे गोळ्याला प्रत्यक्ष लागलेला वेळ वजा हवाच नसती तर तेवढे अंतर कापायला लागला असता तो वेळ. उदाहरणादाखल, उड्डाण ४० सेकंदांचे आहे, हवेविना ३२ सेकंद लागले असते आणि आडवा वारा सेकंदाला १० मीटर आहे. उशीर ८ सेकंद, सरकणे ८० मीटर. सरळ गुणाकार केला असता तर ४०० मीटर आले असते, आणि ‘दुरुस्ती’ केल्यामुळेच गोळा ३२० मीटर चुकला असता.

हवेची घनता इतकी महत्त्वाची असते का?

हो. लांब पल्ल्याला तर वाऱ्याइतकीच. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर कोरडी हवा सुमारे १.२२५ किलो भरते. तापमान शून्यावर आले की १.२९३ किलो, म्हणजे साडेपाच टक्के जास्त. उणे १० अंशांना साडेनऊ टक्के जास्त. हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने बदलला की घनता सुमारे एक टक्क्याने बदलते. घनता वाढली की अडथळा वाढतो, आणि गोळा अलीकडे पडतो. अलीकडे म्हणजे बहुधा आपल्याच सैनिकांच्या बाजूला. पूर्व आघाडीच्या हिवाळ्यात उन्हाळी तक्ता जसाच्या तसा वापरणे किती धोक्याचे, हे यावरून कळावे.

थंडीत अजून एक गोष्ट त्याच दिशेने बिघडते. थंड दारू जरा हळू जळते आणि गोळा नळीतून कमी वेगाने सुटतो. वेग एक टक्क्याने घटला तर हवाविरहित हिशेबात पल्ला दोन टक्क्यांनी घटतो. हवेत थोडा कमी घटतो, पण घटतोच. नळी झिजली की हाच परिणाम. या चुका एकमेकींना खोडत नाहीत, एकावर एक चढतात.

मग गणित बरोबर असूनही नेम का चुके?

बहुतेक वेळा माहिती शिळी झाल्यामुळे. सकाळी सहाला मोजलेला वारा दुपारच्या माऱ्याला लावला की सगळे कष्ट वाया. ढग खाली असतील तर फुगा काही मिनिटांतच दिसेनासा होतो आणि वरच्या थरांची माहितीच मिळत नाही. नेमके तेच थर जास्त वजनाचे असतात. फुग्यातून वायू झिरपत असेल तर चढण्याचा वेग कमी होतो, उंची जास्त धरली जाते आणि वारा प्रत्यक्षाहून जोराचा ठरतो. शिवाय तोफेची जागा नकाशावर चुकीची मांडलेली असेल तर हवामानाची कितीही बारीक दुरुस्ती तिला वाचवू शकत नाही.

श्वार्झशिल्ड यांनी यात काय भर घातली?

वारा आणि हवेची घनता यांचा गोळ्याच्या मार्गावर होणारा परिणाम, या विषयावर त्यांनी निबंध लिहिला. तो १९१५ मध्ये बर्लिनच्या प्रशियन विज्ञान अकादमीकडे गेला, पण लष्करी गुपित म्हणून छापला गेला १९२० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

हे काम खगोलशास्त्रज्ञाला का शोभावे? कारण प्रश्नाची घडण ओळखीची आहे. ग्रहगणितात आधी एक आदर्श कक्षा घेतात, आणि मग इतर ग्रहांच्या ओढीमुळे होणारे लहान लहान बदल तिच्यावर चढवतात. तोफेच्या गणितात तक्त्यातला मार्ग हा आदर्श, आणि वारा व घनता हे बदल. पंचवीस वर्षे ते हेच करत आले होते. आमच्या मते त्यांच्या युद्धकाळातल्या कामाकडे ‘तोफा’ आणि ‘सापेक्षता’ अशा दोन कप्प्यांत पाहू नये. बुधाच्या कक्षेतला प्रश्नही आदर्श मार्गापासूनच्या लहानशा फरकाचाच होता.

आइन्स्टाइनचे समीकरण त्यांच्यापर्यंत पोहोचले कसे आणि त्यांनी काय सोडवले?

१८ नोव्हेंबर १९१५ रोजी आइन्स्टाइन यांनी अकादमीत बुधाच्या उपसूर्य बिंदूवरचा (कक्षेतल्या सूर्याला सर्वांत जवळच्या बिंदूवरचा) निबंध मांडला. बुधाची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःच हळूहळू फिरते. इतर ग्रहांची ओढ हिशेबात धरूनही शतकाला सुमारे ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) फरक उरत होता. आइन्स्टाइन यांचे उत्तर बरोबर तेवढेच आले, पण ते अंदाजी पद्धतीने, पायरी-पायरीने काढलेले होते. समीकरणांचे अंतिम रूप त्यांनी २५ नोव्हेंबरला मांडले.

श्वार्झशिल्ड यांना प्रश्न पडला तो असा: अंदाजी उत्तर एकच आहे की अनेक उत्तरे तिथे बसू शकतात? याची खात्री अचूक उकलीनेच होणार. २२ डिसेंबर १९१५ च्या पत्रात त्यांनी ती उकल आइन्स्टाइनना कळवली. समीकरणे छापली गेल्यापासून हे काम आठवड्यांत झाले, तेही लष्करी नोकरी सांभाळून.

पायऱ्या अशा होत्या. एक: वस्तुमान एका बिंदूत आणि स्थिर मानायचे. दोन: सगळ्या दिशा सारख्या मानायच्या. तीन: फार दूर गेल्यावर अवकाश सपाट व्हावे. चार: आइन्स्टाइनच्या त्या वेळच्या मांडणीत निश्चयकाची (डिटर्मिनंटची) एक अट होती, आणि नेहमीचे ध्रुवीय सहनिर्देशक ती पाळत नाहीत. इथे त्यांची हातोटी दिसते. अंतराऐवजी अंतराच्या घनाचा एक तृतीयांश आणि कोनाऐवजी त्याची ऋण कोज्या घेतली की अट आपोआप पाळली जाते. मग उरतात तीन अज्ञात फलने आणि साधी विकलक (डिफरन्शियल) समीकरणे. स्थिरांकांपैकी एक न्यूटनच्या नियमाशी ताडून वस्तुमानावरून ठरतो. त्याला त्यांनी आल्फा म्हटले.

आइन्स्टाइननी उत्तरात लिहिले की अचूक उकल इतक्या सोप्या रूपात मांडता येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. लेखक आघाडीवर असल्यामुळे १३ जानेवारी १९१६ रोजी त्यांनी स्वतः तो निबंध अकादमीपुढे ठेवला.

म्हणजे कृष्णविवराचा शोध त्यांनीच लावला ना?

आज ज्याला कृष्णविवर म्हणतो त्याचे गणित त्यांच्या उकलीत आहे. पण कृष्णविवर ही कल्पना त्यांची नव्हती. आल्फाएवढ्या अंतरावर सूत्र बिघडते हे त्यांना दिसत होते. त्यांनी सहनिर्देशक असे मांडले की ही बिघाडाची जागा केंद्रबिंदूवरच येते. त्या सीमेच्या आत काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. ती सीमा एकमार्गी आहे, आत गेलेले बाहेर येत नाही, हे नीट समजायला १९५८ सालचे डेव्हिड फिंकेलश्टाइन यांचे काम यावे लागले. ‘ब्लॅक होल’ हे नाव १९६७ नंतर जॉन व्हीलर यांच्यामुळे रुळले.

दुसऱ्या निबंधात मात्र त्यांनी एक भक्कम मर्यादा दाखवली. हा निबंध २४ फेब्रुवारी १९१६ रोजी मांडला गेला. न दाबता येणाऱ्या द्रवाचा गोल घेतला तर त्याची त्रिज्या आल्फाच्या नऊ अष्टमांशापेक्षा लहान असू शकत नाही, कारण त्या मर्यादेला केंद्रातला दाब अनंत होतो. तिथेच त्यांनी आल्फाचे आकडेही दिले आहेत: सूर्यासाठी ३ किलोमीटर.

स्वतः हिशेब करायचा असेल तर किलोग्रॅममधल्या वस्तुमानाला १.४८५ ने गुणा आणि दशांश चिन्ह २७ घरे डावीकडे सरकवा. उत्तर मीटरमध्ये येते. पृथ्वीसाठी ते जेमतेम ९ मिलिमीटर येईल.

तिसरा निबंध कशावर होता?

पुंज (क्वांटम) सिद्धांतावर, आणि तो लोकांच्या लक्षात राहिला नाही याचे आम्हाला वाईट वाटते. विद्युत क्षेत्रात हायड्रोजनच्या वर्णपट रेषा फुटतात हे योहानेस श्टार्क यांनी १९१३ मध्ये दाखवले होते. ग्रहगणितात लांबलचक कक्षांचा हिशेब ज्या क्रिया-कोन (अ‍ॅक्शन-अँगल) चलांनी करतात, तीच चले श्वार्झशिल्ड यांनी अणूला लावली आणि रेषांचे फुटणे नील्स बोर यांच्या अणूच्या प्रतिमानावरून काढून दाखवले. पाउल एप्श्टाइन त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले. निबंध ३० मार्च १९१६ रोजी मांडला गेला आणि छापून आला ११ मे रोजी. त्याच दिवशी श्वार्झशिल्ड वारले.

त्यांना झाले काय होते?

पेम्फिगस. रशियन आघाडीवर असताना हा आजार जडला. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी प्रथिने असतात. प्रतिपिंडे (अँटीबॉडी) त्यांच्यावर हल्ला करतात, पेशी सुटतात आणि पातळ पापुद्र्याचे फोड येतात. ते सहज फुटतात आणि उघडी, ओली जखम राहते. तोंडात फोड आले की गिळणे अवघड होते. मृत्यू येतो तो जखमांतल्या जंतुसंसर्गाने आणि अंगातले पाणी व प्रथिने झिरपून गेल्याने.

हा आजार खंदकातल्या घाणीमुळे किंवा विषारी वायूमुळे झाला का?

पेम्फिगस संसर्गाने पसरत नाही. घाणीतून किंवा दुसऱ्या रुग्णाकडून तो लागत नाही. काही जनुकीय ठेवणींत त्याचा धोका जास्त असतो, आणि पूर्व-मध्य युरोपातल्या ज्यू समाजात तो तुलनेने अधिक आढळतो. वायूबद्दल सांगायचे तर अंगावर फोड आणणारा मस्टर्ड वायू पहिल्यांदा वापरला गेला जुलै १९१७ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रजवळ. तेव्हा श्वार्झशिल्ड यांना जाऊन वर्ष उलटले होते. १९१५ चा क्लोरीन फुप्फुसे जाळतो. पेम्फिगससारखे फोड त्याने येत नाहीत.

तेव्हा उपचार नव्हते? आज ते वाचले असते का?

तेव्हा जखमा धुणे, मलमपट्टी आणि शुश्रूषा यापलीकडे फारसे हाती नव्हते. स्टेरॉइड येण्याआधी निम्मे रुग्ण दोन वर्षांत आणि जवळजवळ सगळे पाच वर्षांत दगावत. १९५० च्या दशकात स्टेरॉइड आले आणि चित्र बदलले. हा प्रतिपिंडांचा आजार आहे हे १९६४ मध्ये कळले. आज स्टेरॉइडच्या जोडीला रिटुक्सिमॅबसारखी औषधे आहेत आणि बहुतेक रुग्ण बरे राहतात. एक सूचना कळकळीची: तोंडातले व्रण महिनोन्महिने भरत नसतील तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. हा आजार पुष्कळदा तोंडातूनच सुरू होतो आणि उष्णतेचे फोड समजून दुर्लक्षिला जातो.

शेवटचे महिने कसे गेले?

मार्च १९१६ मध्ये आजारपणामुळे त्यांना लष्करी सेवेतून परत पाठवले. पहिली उकल आइन्स्टाइनकडे पोहोचली तेव्हा ते अजून नोकरीवर होते, त्यामुळे ‘मरणशय्येवर लिहिलेली उकल’ हे खरे नाही. ११ मे १९१६ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. गोळी लागून नव्हे, पण युद्धसेवेतच जडलेल्या आजाराने. २९ जून रोजी आइन्स्टाइन यांनी अकादमीत श्रद्धांजलीचे भाषण केले. श्वार्झशिल्ड यांना ग्योटिंगेनच्या शहर दफनभूमीत पुरले आहे. माक्स प्लांक, दाविद हिल्बर्ट आणि माक्स बोर्न यांच्या कबरीही तिथेच आहेत.

त्यांच्या कुटुंबाचे पुढे काय झाले?

पत्नी एल्से आणि तीन मुले मागे राहिली. हिटलर सत्तेवर आल्यावर ज्या माणसाने स्वेच्छेने जर्मनीसाठी गणवेश चढवला त्याच्याच दोन मुलांना देश सोडावा लागला. मुलगी आगाथे १९३३ मध्ये ब्रिटनला गेली आणि पुढे न्यूझीलंडमध्ये, ओटागो विद्यापीठात, ग्रीक-लॅटिन साहित्याची प्राध्यापक झाली. मुलगा मार्टिन अमेरिकेत प्रिन्स्टनला पोहोचला आणि ताऱ्यांच्या अंतर्रचनेचा विसाव्या शतकातला फार मोठा अभ्यासक ठरला. दुसऱ्या महायुद्धात त्याने अमेरिकी सैन्यात काम केले. धाकटा आल्फ्रेड जर्मनीतच राहिला आणि नाझी राजवटीत १९४४ मध्ये गेला.

ही उकल आणखी कुणी काढली होती का?

हो. नेदरलँड्समध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्झ यांचे शिष्य योहानेस ड्रोस्टे यांनी १९१६ च्या वसंतात स्वतंत्रपणे तीच उकल काढली, आणि ती आजच्या पाठ्यपुस्तकांतल्या रूपाच्या जास्त जवळची आहे. त्यांचे नाव मागे पडले हे अन्यायाचे आहे.

भारतीय किंवा मराठी वाचकासाठी काही थेट दुवा?

आहे, आणि चांगला पक्का आहे. श्वार्झशिल्ड यांची उकल प्रकाश न टाकणाऱ्या वस्तुमानासाठी आहे; खरा तारा मात्र प्रकाश फेकत असतो. त्यासाठीची उकल १९४३ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी दिली. ते तेव्हा बनारस हिंदू विद्यापीठात कोल्हापूरच्या विष्णु वासुदेव नारळीकर यांच्याबरोबर काम करत होते. हे जयंत नारळीकरांचे वडील. १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी श्वार्झशिल्ड कृष्णविवर धक्का दिल्यावर स्थिर राहते आणि ठरावीक स्वरांत विरत जाते, हे गणिताने दाखवले. कृष्णविवरांच्या टकरीनंतरच्या गुरुत्वीय लहरींत हे विरणे आता मोजतात. अशा लहरी टिपणारा भारतातला लायगो प्रकल्प हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायचा आहे.

मूळ निबंध वाचायचे असतील तर काय लक्षात ठेवावे?

गणित पदवीच्या शेवटच्या वर्षाइतके पुरते, पण तीन ठिकाणी अडखळायला होते. पहिले, पाठ्यपुस्तकात ज्या अक्षराने अंतर दाखवतात ते अक्षर त्यांच्या निबंधात वेगळ्या राशीसाठी आहे. त्यांच्या अंतराचा घन अधिक आल्फाचा घन, आणि त्या बेरजेचे घनमूळ, हे पाठ्यपुस्तकातले अंतर. हे न पाहता ताडून बघितले की सूत्रे चुकीची वाटतात. दुसरे, प्रकाशाचा वेग १ धरलेला आहे. किलोमीटरमध्ये उत्तर हवे तर तो परत घालावा लागतो. तिसरे, चिन्हांची पद्धत आजच्या काही पुस्तकांच्या उलट आहे.

पहिल्या निबंधाचा शेवट आवर्जून वाचा. वर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या कणाचा वेग केंद्राजवळ अमर्याद वाढत नाही, त्याला मर्यादा आहे, असे ते तिथे दाखवतात. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी ती सेकंदाला साधारण १०,००० फेऱ्या येते. असा नियम रेणूंमधल्या बलांनाही लागू पडत असेल तर तिथे ही गोष्ट महत्त्वाची ठरू शकेल, असे सुचवून ते थांबतात.